दादरचं एक मालवणी हॉटेल, दिवाळीपासून आजपर्यंत: मासे उत्तम, सोलकढीचा हिशेब अजून बाकी

सोलकढीच्या दुसऱ्या वाटीचे ६० रुपये लागायचे, ते परवाच्या बिलात ७० झाले. मेनूकार्डावर हा दर आधीही नव्हता आणि आताही नाही. भिंतीवर पाटी नाही, वाढणारा मुलगा सांगत नाही, थेट बिलातच कळतं. "अगं, दहा रुपयांसाठी काय लिहायला बसतेस?" असं मैत्रीण म्हणाली. पण दहा रुपये दहाच असतात हे मला मान्य नाही. महिन्यातून निदान एकदा आम्ही दोघी इथे जेवतो, दोघींचं पेन्शन ठरलेलं आहे आणि जेवण किती रुपयांत पडणार हे पान वाढण्याआधी कळलं पाहिजे, एवढंच माझं मागणं आहे.

हॉटेल दादर पश्चिमेला आहे. नाव देत नाही, कारण तक्रार त्यांच्याशी समोरासमोर झाली आहे आणि अजून चालू आहे. थाळ्या, वडे-कोंबडी, तळलेले तुकडे, रस्से असं नेहमीचं मालवणी कार्ड आहे, ते सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून त्यात शिरत नाही.

मैत्रिणीचं माहेर वेंगुर्ल्याचं. माशाच्या बाबतीत ती कोणाची भीड ठेवत नाही, आणि या हॉटेलच्या माशाला तिने आजवर नाव ठेवलेलं नाही. बोंबील इथे खरोखर नीट करतात. बोंबलात पाणी फार असतं, ते वजनाखाली दाबून काढलं नाही तर तव्यावर त्याचा लगदा होतो. इथला बोंबील चपटा, काटा काढलेला, रव्याचा थर शेवटच्या घासापर्यंत अंगाला धरून असलेला येतो. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं अख्खी असतात. ती चावायची नाहीत, बाजूला काढायची. पण रश्शात त्यांचा वास उतरलेला असतो आणि जिभेच्या टोकाला हलक्या मुंग्या येतात. मुंबईत पुष्कळ ठिकाणी तिरफळ महाग म्हणून दोन दाणे टाकून भागवतात, इथे हात आखडलेला नाही. सुरमईचा तुकडा मात्र दिवाळीत होता त्यापेक्षा पातळ झाला आहे. दर तोच ठेवून तुकडा पातळ करायचा हे सगळीकडेच चाललंय, तेव्हा त्यावर शब्द घालवत नाही.

सोलकढीवर मात्र घालवणार आहे.

थंडीत आम्ही जायला लागलो तेव्हा थाळीतली सोलकढी अशी असायची की जेवण संपल्यावर ती पिण्यासाठी आम्ही मुद्दाम भात कमी घ्यायचो. ताज्या नारळाचं दूध, आगळ म्हणजे कोकमाचा घट्ट रस, लसूण, हिरवी मिरची, वर कोथिंबीर. रंग फिकट गुलाबी, किंचित जांभळट. दुसरी वाटी मागितली की हसत आणून द्यायचे, बिलात काही नसायचं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि या मालकांचं आगळही तिकडून येतं, असं काउंटरवरच्या गृहस्थांनी सांगितलं होतं. चवीवरून ते पटायचं. पावडर कालवून केलेल्या सोलकढीला घशात एक कोरडा आंबटपणा राहतो, तो इथे कधीच नव्हता.

मार्चच्या आसपास वाटीतला रंग बदलला. आधी कोणाच्या लक्षात येणार नाही असा, मग सरळ डोळ्यांना दिसेल असा. गडद गुलाबी. लोकांना गडद रंग बघून बरं वाटतं, पण घरी सोलकढी करणाऱ्या बाईला त्याचा अर्थ कळतो. आगळाचा लाल रंग नारळाच्या दुधाने फिका पडतो. दूध कमी घातलं की लाली वर येते. आणखी एक खूण आहे. चांगली सोलकढी पिऊन झाली की वाटीच्या आतल्या अंगाला पांढुरका पातळ थर राहतो, बोट फिरवलं तर बोटाला लागतो. त्या दिवशी वाटी स्वच्छ होती, धुतल्यासारखी. मैत्रिणीने वाढणाऱ्या मुलाला जवळ बोलावलं आणि तिच्या बोलीत विचारलं, "बाबू, ह्येच्यात नारळ खंय आसा?" मुलगा मालवणचाच. तो काही बोलला नाही, खाली बघत वाटी उचलून घेऊन गेला. नारळाशिवाय कोकमाचं तिवळ करतात आणि मला ते आवडतं, पण मग कार्डावर तिवळ लिहा.

यामागचं कारण मला समजतं. २०२५ मध्ये नारळ किती चढला हे बाजारात जाणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे, खोबरेल तेलाच्या बाटलीने तर सगळ्यांचेच डोळे उघडले. एका मध्यम नारळातून दोन वेळा दूध काढलं तरी माझ्या हाताने जेमतेम चार वाट्या दाट सोलकढी होते. थाळीमागे दोन-तीन वाट्या फुकट देणं कोणत्याच हॉटेलला परवडणार नाही. पैसे लावा ना. पण लावताना सांगा.

मे महिन्यात ते बिल आलं. सुरमई थाळी ५५०, बांगडा थाळी ३८०, पापलेट फ्राय ८५०, 'सोलकढी एक्स्ट्रा' दोन, १२०. एकूण १९००. त्यावर १० टक्के सेवा शुल्क १९०, आणि या दोन्हींच्या बेरजेवर ५ टक्के जीएसटी १०४.५०. सगळे मिळून २१९४.५०.

पापलेटच्या ८५० बद्दल आधी सांगते. कार्डावर त्याच्यासमोर 'एपीएस' एवढंच छापलेलं असतं, म्हणजे आकाराप्रमाणे दर. पापलेट आकाराप्रमाणेच विकलं जातं हे कबूल. सिटीलाइटच्या गोपी टँक मंडईतही तसंच असतं. पण मंडईत मावशी मासा हातात देते, भाव सांगते, आपण घासाघीस करतो, नाही पटलं तर पुढच्या पाटीकडे जातो. हॉटेलात मासा थेट तळून येतो आणि त्याचा आकार काय होता हे तळल्यावर कोण सांगणार? रुपेरी पापलेट २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्य मासा आहे, त्याची लहान पिल्लं पकडू नयेत म्हणून इतकं बोललं जातं. अशा माशाचं वजन आणि भाव ऑर्डर घेतानाच सांगायला काय हरकत आहे? आता मी विचारल्याशिवाय मागवत नाही, आणि विचारलं की मुलगा आत जाऊन ताटलीत कच्चा मासा घेऊन येतो, दाखवतो, भाव सांगतो. म्हणजे पद्धत त्यांच्याकडे आहे. फक्त विचारणाऱ्यालाच मिळते.

आता सेवा शुल्क. मी मॅनेजरना शांतपणे म्हटलं, हे काढा. ते म्हणाले, "मॅडम, सगळीकडे लावतात." मी त्यांना सांगितलं की केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजीच मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. हॉटेलने आपणहून बिलात सेवा शुल्क घालायचं नाही, दुसऱ्या नावानेही घ्यायचं नाही, आणि ते दिलं नाही म्हणून कोणाला आत येण्यापासून अडवायचं नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या होत्या, २८ मार्च २०२५ ला त्यांच्या याचिका फेटाळल्या गेल्या. शिवाय त्या १९० रुपयांवरही माझ्याकडून जीएसटी घेतला जात होता, म्हणजे नको असलेल्या आकारणीवर वर कर. "१९१५ ला, ग्राहक हेल्पलाइनला, फोन लावू का?" असं विचारल्यावर त्यांनी काही न बोलता नवं बिल छापलं. १९९५. म्हणजे १९९ रुपये ५० पैशांचा फरक. वाढणाऱ्या मुलाच्या हातात आम्ही १०० रुपये वेगळे ठेवले, कारण त्याने केलेल्या कामाचे पैसे त्यालाच मिळावेत असं आम्हाला मनापासून वाटतं. काउंटरवर जमा होणाऱ्या शुल्कातलं त्याला किती मिळतं, हे विचारलं तेव्हा तो फक्त हसला होता.

सोलकढीचे १२० रुपये मात्र त्यांनी काढले नाहीत. ते काढायला लावण्याचा हक्क मलाही सांगता येत नव्हता, वाट्या आम्ही प्यायलो होतो. म्हणून मी एवढंच म्हटलं की उद्यापासून दर छापा. "छापून घेतो," म्हणाले.

तिथवर माझं मत असं झालं होतं की मासा खायचा असेल तर जा, बाकी डोळ्यात तेल घालून बसा. जूनमध्ये ते बदललं.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. माशांचा विणीचा हंगाम असतो, समुद्रही खवळलेला असतो. या दोन महिन्यांत मुंबईतल्या हॉटेलांत 'ताजी सुरमई' कुठून येते, हे विचारायचं धाडस बहुतेक गिऱ्हाइकं करत नाहीत. आम्ही बसलो, मैत्रिणीने सवयीने सुरमई सांगितली, आणि तोच मालवणचा मुलगा म्हणाला, "ताई, सुरमई बर्फातली आहे. घेऊ नका. आज सकाळी तिसऱ्या (शिंपल्या) आल्यात, त्या घ्या." मॅनेजर तिथून चार हातांवर उभे होते, त्यांनी ऐकलं आणि मान हलवली. दाराजवळच्या फळ्यावरही खडूने लिहिलेलं होतं की बंदीत सुरमई, पापलेट साठवणुकीतले आहेत. एवढं खरं सांगणारं हॉटेल मला या शहरात दुसरं सापडलेलं नाही. सुरमई थाळी ५५० ची, तिसऱ्यांची थाळी ४२० ची. हॉटेलचं बिल १३० रुपयांनी कमी करून त्याने आम्हाला तिसऱ्या खाऊ घातल्या. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणातल्या, शिंपलीत रस्सा साठलेला, वाळूचा एक कण दाताखाली आला नाही. पावसात सुक्या मासळीचंही पान चांगलं असतं. सुक्या जवळ्याची चटणी तांदळाच्या भाकरीबरोबर मागवाच.

आणि सोलकढी त्या दिवशी पुन्हा फिकट गुलाबी होती. वाटीला थर होता. मैत्रिणीने वाटी उजेडात धरून मला दाखवली. पैसे लावायला लागल्यापासून नारळ परत आला, असा याचा सरळ अर्थ मी काढते, आणि मला तो व्यवहार मान्य आहे. पाणीदार सोलकढी फुकट पिण्यापेक्षा दाट सोलकढी पैसे देऊन प्यायला मी केव्हाही तयार आहे.

श्रावणात मैत्रीण मासे खात नाही. तेव्हा काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळी मागवली. आंबोळी जाळीदार, कडेने किंचित लाल. उसळीत मीठ जास्त होतं, सांगितल्यावर बदलून दिली, वाद घातला नाही. शाकाहारी थाळी मात्र घेऊ नका, त्यात पनीर घालतात. मालवणी जेवणात पनीर कशाला?

नारळी पौर्णिमेनंतर बोटी पुन्हा समुद्रात गेल्या, बांगडा परत आला, आणि परवा त्याच तिखल्यासाठी आम्ही गेलो. बिलात सेवा शुल्क नव्हतं, मेनंतर ते एकदाही लागलेलं नाही. आजूबाजूच्या टेबलांना लागतं की नाही ते बघायला मी एका कुटुंबाला विचारलं, त्यांच्याही बिलात नव्हतं. म्हणजे ते सगळ्यांसाठीच काढलंय, याचं श्रेय मॅनेजरना मोकळ्या मनाने देते. पण सोलकढी एक्स्ट्रा, ७० रुपये. कार्ड नवं छापलेलं, गुळगुळीत, पापलेटचा रंगीत फोटो असलेलं, आणि त्यात ही एक ओळ नाही. विचारलं तर म्हणाले, "पुढच्या छपाईत घेतो." फळ्यावर खडूने बंदीची सूचना लिहिता येते तर त्याच फळ्यावर 'सोलकढी, दुसरी वाटी ७०' हेही लिहिता येतं. त्यासाठी छपाई लागत नाही. हे मी त्यांना तिथेच सांगितलं.

जाणाऱ्यांसाठी: दुपारी साडेबाराच्या सुमाराला पोचा, दीडनंतर बोंबील संपतो आणि रांग लागते. पापलेट आधी बघून, भाव विचारून मागवा. बिलातली प्रत्येक ओळ वाचा. दोघं असाल तर एक बांगडा थाळी, एक तिसऱ्यांची थाळी आणि वर एक प्लेट बोंबील पुरतो. आणि दुसरी सोलकढी घ्या, ७० रुपये देऊन घ्या, फक्त वाटीचा रंग आधी बघा.