पोर्टारॅप घ्यायचा तर: लहान की मोठा, पोलादी की अ‍ॅल्युमिनियमचा

झाडावर चढून फांद्या दोराने उतरवणाऱ्यांच्या सामानात पोर्टारॅपइतकी साधी वस्तू दुसरी नाही. एक जाड नळी, वरच्या टोकाला स्लिंग (बुंध्याला बांधायचा जाड दोर) अडकवायची कडी, खाली दोर अडवायला आडवे दांडे. हलणारा भाग एकही नाही. बुंध्याच्या पायथ्याशी स्लिंगने घट्ट बांधायचा, दोराचे नळीवर वेढे घ्यायचे, आणि वरून तुकडा सुटला की खालच्या माणसाने दोर सोडत जायचा. हेच काम दोर थेट बुंध्याला गुंडाळूनही होतं, पण सालीचा काही भरवसा नसतो. ओली साल निसटू देते, खडबडीत साल पकडून ठेवते, चीक असलेली साल दोराचं वाटोळं करते. पोर्टारॅपवर घर्षण रोज जवळपास तेच मिळतं, आणि वेढे घालायला दोराचं टोक शोधावं लागत नाही, मधूनच दोर घेऊन अडकवता येतो.

आमचं मत आधीच सांगतो: पहिला पोर्टारॅप घेत असाल तर मोठा घ्या आणि पोलादी घ्या. अ‍ॅल्युमिनियमचा हलका असतो, दिवसभर सामान वाहणाऱ्याच्या खांद्याला तो नक्कीच बरा. पण चिखल-माती लागलेला दोर त्यावरून रोज पळाला की नळीला चर पडतात आणि दोरावर काळपट राख बसते. पोलादी नळी वर्षानुवर्षं गुळगुळीत राहते. आकाराबद्दल एक ढोबळ हिशेब असा, की दोर ज्यावर वळतो त्याचा व्यास दोराच्या किमान ४ पट असावा. १२ मिमी दोराला ४८ मिमी नळी म्हणजे अगदी काठावरची. जाड नळीवर दोर कमी मोडतो आणि उष्णताही जास्त पृष्ठभागावर पसरते. घेताना नळीवरून, विशेषतः वेल्डिंगच्या सांध्यावरून, नखं फिरवा. नाव नसलेल्या स्वस्त नकलांमध्ये इथे बारीक धारदार कंगोरे राहिलेले असतात, आणि ते दोराचा एकेक धागा उचकटत राहतात. कामाचा भार किती हे अंगावर कोरलेलं नसेल तर ती वस्तू फांद्या उतरवायची नाहीच.

आता वेढ्यांचा हिशेब, कारण नव्या माणसाची गल्लत इथेच होते. वेढा वाढवला की पकड बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. दोर आणि नळी यांचा घर्षणांक ०.२ धरला तर एका पूर्ण वेढ्याला ताण साधारण ३.५ पटीने उतरतो. दोन वेढ्यांना १२ पट, तीन वेढ्यांना ४० पटींच्या वर. म्हणजे १५० किलोचा ओंडका दोरावर नुसता लटकत असेल तर दोन वेढ्यांना हातात साडेबारा किलो येतात, तीनला साडेतीन. तीन वेढे सोपे वाटतात ना? पण तीन वेढ्यांवर ३० किलोची फांदी टाकली तर ती हलतच नाही. दोर हाताने ढकलत राहावं लागतं, आणि तोवर फांदी वर माणसाच्या तोंडाशी झोके घेते. हलक्या फांदीला एक ते दीड वेढा, १०० किलोच्या आसपास दोन, त्यापुढे अडीच-तीन, ही सुरुवात. ओला दोर, नवा दोर, चिकाने माखलेला दोर यांचं वागणं वेगळं, म्हणून दिवसाची पहिली फांदी मुद्दाम लहान घ्यावी. वेढे किती हे करवत सुरू व्हायच्या आधी ठरतं. भार आल्यावर वेढा काढणं धोक्याचं, आणि घालायला जाणाऱ्याची बोटं नळी आणि दोर यांच्यामध्ये सापडतात.

पोर्टारॅपची खरी किंमत कळते ती शेंड्याकडून बुंधा तुकड्या-तुकड्याने उतरवताना. फांदीच्या वर आधार असेल तर गोष्ट सोपी, फांदी सुटते आणि दोरावर टांगून राहते. बुंध्याचा तुकडा मात्र ब्लॉकच्या (बुंध्याला बांधलेली कप्पी, जिच्यावरून दोर फिरतो) वर असतो आणि आधी पडतो, मग अडतो. आकड्यांत पाहा. ४० सेंमी जाडीचा दीड मीटर ओंडका, ओलं लाकूड घनमीटरला ८०० किलो धरलं, तर वजन १५० किलो. ब्लॉक कापाच्या ३० सेंमी खाली, ओंडक्यावरची दोराची गाठ कापाच्या २० सेंमी वर. ओंडका उलटून लटकेपर्यंत त्याचा गुरुत्वमध्य सुमारे २.१ मीटर खाली येतो. खालच्याने दोर गच्च धरला आणि सगळा प्रकार ३० सेंमी ताणात थांबला, तर दोरावर सरासरी ओढ वजनाच्या ८ पट, म्हणजे १२०० किलो. क्षणभराचा हिसका त्याहून मोठा. ब्लॉकच्या दोन्ही बाजूंना दोर ओढला जातो, तेव्हा स्लिंगवर आणि ज्या बुंध्याला माणूस बांधलेला आहे त्या बुंध्यावर जवळपास दुप्पट. तोच ओंडका २ मीटर सरकू दिला, तर सरासरी ओढ वजनाच्या दुपटीच्या आसपास येते. लोक पोर्टारॅप घेतात फांदी धरून ठेवायला. ते काम तर बुंध्याला घातलेले चार वेढेही करतात. सरकत्या दोराला हळूहळू आवळत नेणं मात्र त्या वेढ्यांना जमत नाही.

यात आणखी एक मेख आहे. तोच तुकडा अर्ध्या लांबीचा, ७५ सेंमीचा कापला तर वजन निम्मं होतं आणि पडण्याचं अंतरही २.१ वरून १.३५ मीटरवर येतं. झेलायची ऊर्जा तिसऱ्या हिश्श्यावर येते. बुंधा जसजसा खाली येतो तसतसा तो जाड होतो आणि ब्लॉकपासून पोर्टारॅपपर्यंतचा दोर आखूड होतो. आखूड दोर कमी ताणतो, म्हणजे हिसका जास्त. शिवाय जमीनही जवळ आलेली असते, सरकू द्यायला जागाच उरत नाही. म्हणून खाली येताना तुकडे लहान करायचे. बहुतेक टोळ्या घाईने नेमकं उलटं करतात.

पोर्टारॅप चांगला आणि वरची स्लिंग जुनी, अशी जोडी बऱ्याच ठिकाणी दिसते. सगळ्यात जास्त भार येतो तो वर, खाली नाही. ब्लॉकला १६ ते १९ मिमीची डेड-आय स्लिंग (एका टोकाला डोळा असलेली) हवी, काऊ हिच ही गाठ घालून आणि तिच्यावर एक जादा अर्धफास (दोराचा एकेरी साधा फेरा) आवळून. टिंबर हिच (टोक स्वतःच्याच दोराभोवती पिळून घातलेली गाठ) घालायची तर किमान पाच पीळ, बुंध्याच्या घेरावर पसरून, आणि ओढ गाठीच्या वळणाच्या उलट दिशेला. एकाच जागी कोंबलेले दोन-तीन पीळ हिसक्याने सुटतात. दोर १२ मिमीचा दुहेरी विणीचा पॉलिएस्टर असेल तर नव्याची तुटण्याची ताकद साधारण साडेचार टन असते, कामाचा भार त्याच्या दहाव्या हिश्श्यावर धरतात. गाठीने ताकदीचा सुमारे एक तृतीयांश भाग जातो, हे त्यातच मुरलेलं असतं. हाय-मॉड्युलस पॉलिएथिलीनचा चकचकीत हलका दोर मात्र पोर्टारॅपवर नको. तो १५० अंशांच्या आतबाहेर वितळतो, पॉलिएस्टर २५० च्या पुढे.

ओंडक्याला सरकती बोलाइन (दोरावर सरकून आवळणारा फास) आणि तिच्या आधी, ब्लॉकच्या बाजूला, एक अर्धफास. अर्धफास पहिला भार घेतो, बोलाइन त्याला सुटू देत नाही. अर्धफास कापाच्या अगदी जवळ बसवला तर पडण्याचं अंतर कमी होतं, पण करवतीला जागा सोडायला हवी. ब्लॉकही कापाच्या शक्य तितका जवळ, आणि चढणाऱ्याचा कमरेचा पट्टा व स्वतःचा दोर ब्लॉकच्या स्लिंगच्या खाली. चेनसॉ चालू असताना स्वतःला दोन जागी बांधलेलं असावं, त्यातला कमरेचा पट्टा तारेचा गाभा असलेला. दोराचा झोळ काढूनच काप पुरा करायचा. हातभर झोळ म्हणजे तेवढंच जादा पडणं.

आता तक्रारी. पोर्टारॅप स्लिंगवर लोंबकळतो, भार आला की वर उडी मारतो. तो फूटभर उडाला तर ते अंतर तुमच्या हिशेबात नव्हतं. उपाय एकच: स्लिंग आवळून बांधणे, आणि पहिल्या कापाआधी दोघांनी दोराला लोंबकळून तिला बसवून घेणे. दुसरी गोष्ट, तो भार उचलत नाही. झोळ हातानेच ओढावा लागतो. फांदी छपरावरून वर उचलून मग बाजूला न्यायची असेल तर बुंध्याला पक्का बसणारा, विंच असलेला ड्रम हवा. तो जड आणि लावायला वेळखाऊ, पण त्या कामात पोर्टारॅप त्याची बरोबरी करत नाही. तिसरी, वेढे दोराला पीळ देतात. तीन पेडांच्या दोराला लवकरच गाठोळ्या पडतात, म्हणून विणलेला दोरच वापरावा.

आणि सगळ्यात त्रासाची चौथी: खालच्याने दोर सैल सोडला की एक वेढा दुसऱ्यावर चढतो आणि अडकतो. ओंडका अर्ध्यात थांबतो, आणि खाली उतरवायचा तर वजन दुसऱ्या दोरावर घेण्यावाचून मार्ग राहत नाही. मोकळा दोर हातात कायम थोडा ताणलेला ठेवला तर हे होत नाही. दोर हाताला गुंडाळायचा नाही, पायात कोंडाळं ठेवायचं नाही, आणि उभं राहायचं ते ओंडक्याच्या रेषेबाहेर. जाड चामडी हातमोज्यांत दोराची पकड कमी कळते, पण त्यांच्याशिवाय तळहात सोलून निघतो.

संध्याकाळी सामान भरताना दोर मुठीतून हात-हात सरकवा. जिथे तो काचेसारखा गुळगुळीत आणि ताठ लागतो, तिथे वेढ्यांच्या उष्णतेने धागे वितळून चिकटलेत. टोकाजवळ असेल तर तेवढा भाग कापून टाकता येतो. मधेच असेल तर तो दोर दुसऱ्या दिवशी फांद्या ओढत न्यायला ठेवा, उतरवायला नको.