मारिओची उडी पडद्यावर: इल्युमिनेशनला काय जमलं, काय निसटलं

व्हिडिओ गेमवरून सिनेमा करताना पहिला प्रश्न कथेचा येत नाही. तो उडीचा येतो. बटण दाबलं की मारिओ त्याच क्षणी उडतो आणि ते बोटाला जाणवतं. सिनेमात प्रेक्षकाच्या हातात गेमचा रिमोट नसतो, मग तीच उडी त्याच्या पोटात कशी उतरवायची? ‘द सुपर मारिओ ब्रदर्स मूव्ही’ (२०२३) हा इल्युमिनेशन हा ॲनिमेशन स्टुडिओ आणि निन्टेंडो ही गेम कंपनी यांचा ९२ मिनिटांचा सिनेमा या एका कसोटीवर तपासायला हवा. लोणी काळभोरपासून विमाननगरपर्यंत ॲनिमेशन शिकणारी बरीच मुलं पुण्यात आहेत, २००८ पासून युबिसॉफ्ट या गेम कंपनीचा स्टुडिओही इथे आहे. सिनेमा आणि गेम या दोन्ही बाजूंना काम करणाऱ्यांसाठी हा सिनेमा एक चांगलं पाठ्यपुस्तक आहे, चुकांसकट.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९९३ मध्ये याच गेमवर खऱ्या नटांना घेऊन सिनेमा निघाला आणि सपशेल पडला. पुढे २००१ मध्ये ‘फायनल फँटसी’च्या निर्मात्यांनी होनोलुलूत स्वतःचा स्टुडिओ थाटून संपूर्ण संगणकावर सिनेमा केला. नायिकेच्या डोक्यावर सुमारे ६०,००० केस होते, प्रत्येक केस हलत होता. खर्च सुमारे १३.७ कोटी डॉलर, जगभरची कमाई साधारण ८.५ कोटी. स्टुडिओ बंद झाला. केस, त्वचा, सुरकुत्या अशी सगळी मेहनत दिसण्यावर गेली होती, आणि तो गेम खेळणाऱ्याला काय वाटतं ते मात्र पडद्यावर आलं नव्हतं. इल्युमिनेशनचा सिनेमा सुमारे १० कोटी डॉलरमध्ये झाला आणि त्यानं १३६ कोटींच्या आसपास कमावले. ॲनिमेशनचं काम पॅरिसमधल्या स्टुडिओत झालं. मारिओचे जनक शिगेरू मियामोतो हे स्वतः सहनिर्माते होते आणि त्यांचा हात पडद्यावर जागोजागी दिसतो.

आता उडी.

१९८५ च्या मूळ गेममध्ये छोटा मारिओ १६ पिक्सेल उंच, म्हणजे बरोबर एका विटेएवढा. उभ्या जागी तो सुमारे चार विटा उंच उडतो, धावत आला तर आणखी वर जातो. बटण दाबून धरलं की वर जाताना त्याला गुरुत्वाकर्षण कमी लागतं, सोडलं की लगेच जास्त. खाली येतानाही जास्तच. म्हणून ती उडी वर जाताना तरंगते आणि उतरताना सपकन येते. शिवाय बटण दाबणं आणि पाय सुटणं यांत काही अंतरच नाही. गेम बनवणाऱ्यांना ते ठेवता येत नाही, कारण उडण्याआधी मारिओ चार फ्रेम (म्हणजे पडद्यावरची सलग चार चित्रं) वाकला तर खेळणाऱ्याला रिमोट खराब झालाय असं वाटतं.

सिनेमात नेमकं उलटं असतं. मांजर उडी मारण्याआधी दबा धरतं, तसं पात्रानं आधी दबलंच पाहिजे, ज्याला ॲनिमेटर अँटिसिपेशन म्हणतात. सेकंदाला २४ फ्रेमच्या सिनेमात चार ते सहा फ्रेम त्यातच जातात. ते नसलं तर पात्र दोरीनं वर ओढल्यासारखं दिसतं. म्हणजे गेमची उडी जशीच्या तशी उचलली तर पडद्यावर मरते, आणि नियमानुसार दबा घालून केली तर ती मारिओची राहत नाही.

स्टुडिओनं काढलेली वाट शिकण्यासारखी आहे. सुरुवातीला ब्रुकलिनमध्ये मारिओ आणि लुईजी हे दोघे प्लंबर भाऊ पहिल्या कामाला धावत निघतात तो प्रसंग बघा. बांधकामाच्या जागेतून मारिओ पळतो आणि कॅमेरा एकदम बाजूनं, सपाट, डावीकडून उजवीकडे सरकायला लागतो. जुन्या गेममध्ये पडदा फक्त उजवीकडे सरकायचा, मागे जाता यायचं नाही. तीच ओढ इथे आहे. आणि उडीआधीचा दबा पळण्यातच मुरवलेला आहे: शेवटचं पाऊल थोडं खोल पडतं, खांदा खाली जातो आणि तोच दबा होतो. वेगळं थांबावं लागत नाही. शिवाय इथे मारिओ साधा माणूस आहे, म्हणून चार विटांची उडी नाही. लटकणं, घसरणं, पकडणं आहे. पुढे मशरूम राज्यात जेव्हा तो खरंच उंच उडतो तेव्हा फरक जाणवतो, कारण आधीचं माप डोळ्यांत बसलेलं असतं. सबंध सिनेमातली ही सर्वात हुशार गोष्ट आहे.

दुसरी हुशारी प्रशिक्षणाच्या प्रसंगात आहे. राजकन्या पीच मारिओला अडथळ्यांच्या मार्गावर सोडते आणि तो पडतो, पुन्हा पडतो, आणखी पडतो. गेम खेळलेल्या प्रत्येकाला ही लय पाठ असते: तिसऱ्या खड्ड्यात मेलं, परत पहिल्यापासून. या काही मिनिटांत सिनेमा खऱ्या अर्थानं गेम होतो. मात्र त्यावर एक जुनं लोकप्रिय गाणं चढवलंय आणि ती जागा त्याच्यासाठी नव्हती. कोजी कोंडो यांनी १९८५ मध्ये चार आवाजांवर, म्हणजे दोन पल्स, एक ट्रँगल आणि एक नॉइज यांवर, जी धून बसवली तिच्यात अडखळून पुन्हा उठण्याचा ताल आहे. त्या यंत्रात चॅनल इतके कमी होते की उडीचा आवाज वाजला की धुनेतला एक सूर तेवढ्यापुरता गप्प बसायचा. संगीतकार ब्रायन टायलर यांनी कोंडोंच्या धुना वाद्यवृंदात फार प्रेमानं गुंफल्या आहेत. नाण्याचे ते दोन सूर (आधी बी, मग वरचा ई) ऐकू आले की अंगावर काटा येतो. असं हाताशी असताना उसनी गाणी वापरणं ही या सिनेमाची आम्हाला सर्वात जास्त बोचलेली चूक.

पात्रांचं रूपांतर मात्र जवळपास निर्दोष आहे. दिवाळीतला किल्ला केलेल्यांना ही अडचण लगेच कळेल: मावळा दरवाज्यापेक्षा उंच, तोफ बुरुजापेक्षा मोठी, आणि शिवाजी महाराज सिंहासनावर बसले की सगळा गड लहान वाटतो. गेममध्ये अशी मापं चालून जातात, कारण तिथे एकक वीट असते. सिनेमात मारिओ दार उघडतो, खुर्चीवर बसतो, आईवडिलांसोबत जेवतो. त्यासाठी डोकं मोठं, हातपाय आखूड हे प्रमाण राखूनही त्याला तोंडापर्यंत हात नेता आला पाहिजे. खांद्याच्या जाळीत (संगणकावरच्या पात्राचा पृष्ठभाग अशा जाळीचाच असतो) इथेच घोळ होतो: आखूड हात वर उचलला की काख आत दुमडते आणि डुंगरीचा पट्टा कातडीत घुसतो. सिनेमात हे कुठेही दिसत नाही. डुंगरीचं कापड जीन्सच्या विणीचं आहे, पट्टा वेगळा हलतो.

मिशीही नीट पाहा. १९८१ मध्ये मिशी आली कारण एवढ्या कमी पिक्सेलमध्ये तोंड काढणं अवघड होतं. केस टाळण्यासाठी टोपी आली, हात अंगापासून वेगळा दिसावा म्हणून डुंगरी. आता त्याच मिशीमुळे वरचा ओठ दिसत नाही आणि बोलताना प, फ, ब, भ, म ही ओष्ठ्य अक्षरं दाखवणं कठीण होतं. उपाय असा की खालचा ओठ वर चढतो, गाल किंचित दाबले जातात आणि मिशीची टोकं किंचित मागून हलतात. मिशीवाल्या पात्राचं लिप-सिंक ज्यांना जमत नाही त्यांनी आवाज बंद करून मारिओचे जवळचे शॉट पाहावेत.

कार्टचा, म्हणजे शर्यतीच्या छोट्या गाड्यांचा, पाठलाग देखणा आहे, रंग आणि वेग दोन्हींत. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

कथेबद्दलची खरी तक्रार लुईजीबाबत आहे. मूळ गेममध्ये दोन खेळाडू आळीपाळीनं खेळायचे. मारिओ मेला की लुईजीची पाळी. पुण्यातल्या कित्येक घरांत एक टीव्ही, एक कॅसेट आणि दोन भावंडं असा तो संसार होता: एक खेळतो, दुसरा शेजारी बसून ‘आता उडी, आता’ म्हणून ओरडतो. सिनेमा सुरुवातीला हे नातं फार जिव्हाळ्यानं उभं करतो आणि मग लुईजीला लाव्हाच्या वर टांगलेल्या पिंजऱ्यात ठेवून देतो. मधला जवळजवळ सगळा वेळ पाळी त्याच्याकडे येतच नाही. शेवटी दोघे एकत्र लढतात ते छानच आहे, पण ९२ मिनिटांत कार्टच्या पाठलागातली पाच मिनिटं कापून पिंजऱ्यातल्या लुईजीला एक स्वतःची युक्ती देता आली असती.

दुसरी कमतरता ताकदीच्या वस्तूंची आहे. १९८५ च्या गेममध्ये मशरूम म्हणजे एक जादा फटका सोसायची मुभा. आगीचं फूल मिळालेल्या मारिओला एक फटका बसला की तो थेट छोटा होतो, सगळं हातचं जातं. म्हणून ते जपावं लागतं. सिनेमात डाँकी काँग या गोरिलाशी झुंजताना मारिओ बेदम मार खातो आणि उठत राहतो तोवर सगळं खरं वाटतं. मग मांजराचा पोशाख मिळतो आणि सामना झटकन फिरतो. पुढेही अडचण आली की प्रश्नचिन्हाच्या ठोकळ्यातून उत्तर निघतं. गमावण्याची भीती एकदा गेली की शेवटच्या लढाईत वजन उरत नाही.

आमच्याकडून पाचपैकी साडेतीन. पहिल्या अर्ध्या तासासाठी साडेचार दिले असते.

घरी पाहताना दोन गोष्टी करा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय बंद करा. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, फिल्ममेकर मोड असेल तर तो लावला की बहुधा तो पर्याय आपोआप बंद होतो. नाहीतर टीव्ही मधल्या फ्रेम स्वतः बनवतो आणि उडीच्या टोकावरचा तो नेमका क्षण पातळ होऊन जातो. आणि पाच वर्षांखालचं मूल सोबत असेल तर लुईजी अंधाऱ्या जंगलात पोहोचतो तिथे त्याच्या शेजारी बसा. हाडांच्या सांगाड्यांचा पाठलाग बराच भीतिदायक आहे. तुरुंगातला निळा तारा मरणाबद्दल आनंदानं बडबडतो, त्यावरही प्रश्न येतील.

विद्यार्थ्यांसाठी थोडं जास्त. यूट्यूबवर अधिकृत ट्रेलर लावा, दर्जा १०८० वर ठेवा (कमी दर्जात कॉम्प्रेशनमुळे धूसरपणा येतो आणि तो मोशन ब्लर, म्हणजे वेगामुळे येणारा धूसरपणा, वाटतो), व्हिडिओ थांबवा आणि पूर्णविरामाच्या कळीनं एकेक फ्रेम पुढे, स्वल्पविरामाच्या कळीनं मागे जा. एका उडीत दबा किती फ्रेमचा, वर जायला किती, खाली यायला किती हे वहीत लिहा. पाच उड्या मोजल्या की हात बसतो.

मग ब्लेंडर या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये एक साधा ठोकळा घ्या, उंची एक एकक, वेग २४ फ्रेम. फ्रेम १ ला उभा, ५ ला दबलेला, ८ ला पाय सुटतात, १७ ला चार एकक उंचीवर, २४ ला जमिनीवर, २७ ला चेपलेला, ३३ ला पुन्हा सरळ. वर जायला ९ फ्रेम आणि यायला ७, म्हणजे गेमसारखीच उतरण जास्त वेगाची. चेपताना आकारमान जपा: उंची ८० टक्के केली तर लांबी-रुंदी प्रत्येकी सुमारे ११२ टक्के हवी. निव्वळ उंची कमी केली तर ठोकळा हवा गेलेल्या फुग्यासारखा दिसतो.

सर्वात जास्त मुलं जिथे अडकतात ती जागा फ्रेम २४ आहे. ब्लेंडर डिफॉल्टनं प्रत्येक कीला (आपण जागा ठरवून दिलेल्या फ्रेमला) मऊ वळण देतो, त्यामुळे ठोकळा जमिनीजवळ आल्यावर हळू होतो, लिफ्टसारखा टेकतो. ग्राफ एडिटरमध्ये उंचीच्या वक्रावर ८ आणि २४ या दोन की निवडा, व्ही दाबून हँडल व्हेक्टर करा, म्हणजे तिथे टोकदार कोन येईल. १७ ची की मऊच राहू द्या. तरीही उडी हलकी वाटली तर वरची जागा बदलू नका, २४ ची की २३ वर आणून पाहा. एका फ्रेमनं वजन येतं.