ओपनबीसीआय सायटन लिनक्सवर: ड्रायव्हर शोधत बसू नका, आधी परमिशन बघा

आमच्या लॅबमध्ये ओपनबीसीआयचा सायटन बोर्ड, म्हणजे डोक्याला इलेक्ट्रोड लावून मेंदूचे विद्युत सिग्नल टिपणारा बोर्ड, येऊन आता वर्ष होत आलं, रोज उबुंटू लिनक्सवरच चालवतो, आणि दर नव्या बॅचची पोरं तो कॉम्प्युटरला जोडतानाच अडकतात म्हणून सविस्तर लिहितोय.

बोर्ड आठ चॅनेलचा. आत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची एडीएस१२९९ चिप, २४ बिट, सेकंदाला २५० सॅम्पल. बोर्डातून डेटा रेडिओने निघतो आणि यूएसबी डोंगलवर येतो, डोंगलमध्ये एफटीडीआय कंपनीची, यूएसबीचं सीरियल पोर्ट करणारी चिप. म्हणजे लिनक्सला हे सगळं फक्त एक सीरियल पोर्ट म्हणून दिसतं आणि त्याचा ड्रायव्हर, एफटीडीआय-एसआयओ, कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आधीपासूनच असतो. डाउनलोड काहीच करायचं नाही! मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर दोन संध्याकाळी वाचल्या असत्या. मी कुणाच्या तरी सांगण्यावरून एफटीडीआयचीच वेगळी डी-टू-एक्सएक्स लायब्ररी टाकली, तिच्यासाठी कर्नलचं मॉड्यूल काढावं लागतं ते काढलं, आणि मग डोंगलचा टीटीवाय-यूएसबी-झिरो पोर्टच गायब, आणि मी केबल बदलत बसलो.

खरी अडचण परमिशनची. परवा एक ज्युनिअर आली, "दादा, पोर्ट दिसतोय पण उघडतच नाहीये." दिसणारच, पण तो डायलआउट ग्रुपच्या नावावर असतो आणि आपण त्या ग्रुपमध्ये नसतो. यूजरमॉड कमांडने स्वतःला त्यात टाका, आर्च लिनक्स वापरत असाल तर ग्रुपचं नाव यूयूसीपी. आणि त्यानंतर लॉगआउट करून परत लॉगिन करा, नुसतं टर्मिनल बंद करून उघडलं तर चालत नाही, निम्मे लोक इथेच "अजून होत नाही" म्हणतात. कृपा करून सगळं सुडोने, म्हणजे ॲडमिनच्या हक्काने, चालवू नका, मग रेकॉर्डिंगच्या फायली रूटच्या (ॲडमिनच्या) नावावर बनतात आणि नंतर त्या उघडताना परत तोच त्रास.

ब्रेनफ्लोमध्ये (बोर्डाचा डेटा पायथनमध्ये आणणारी लायब्ररी) "बोर्ड नॉट रेडी" आणि पुढे ७ असा एरर आला की लगेच पायथनच्या मागे लागू नका. डोंगलवरचा छोटा स्विच जीपीआयओ-६ कडे आहे का, बोर्डावरचा पीसी कडे आहे का, सेल उतरलेत का, एवढं आधी बघा. मग साधं सीरियल टर्मिनल उघडा, स्पीड १,१५,२०० ठेवा आणि लहान व्ही टाइप करा. बोर्ड जिवंत असेल तर स्वतःची ओळख सांगतो, चिपचे आयडी, फर्मवेअरचं व्हर्जन, आणि शेवटी डॉलरची तीन चिन्हं. ती तीन डॉलर दिसली म्हणजे हार्डवेअर ठणठणीत, आता चूक आपल्या कोडमध्ये. इतकी सरळ तपासणी देणारं उपकरण मला फार आवडतं.

एक गोष्ट मात्र फार कमी लोक बघतात. लिनक्सवर एफटीडीआयचा लेटन्सी टायमर, म्हणजे आलेला डेटा पुढे पाठवण्याआधी चिप किती थांबते ती वेळ, १६ मिलिसेकंदांचा असतो आणि आपलं सॅम्पल दर ४ मिलिसेकंदांनी येतं, त्यामुळे डेटा एकसारखा न येता गुच्छागुच्छाने येतो. नुसतं रेकॉर्डिंग असेल तर चालून जातं, पण लाइव्ह काही करायचं असेल, डोळा मिचकावला की कर्सर हलला वगैरे, तर टायमर १ वर आणाच. सिस-एफएसमध्ये (लिनक्सच्या सेटिंग्ज फाइलरूपात दाखवणारं फोल्डर) लेटन्सी टायमरची फाइल असते, तिच्यात १ लिहिलं की झालं, पण डोंगल काढून लावला की परत १६, म्हणून यूदेवचा (उपकरण लावलं की आपोआप सेटिंग करणारी लिनक्सची सोय) एक ओळीचा रूल करून ठेवा. आमच्याकडे हा फरक डोळ्यांना दिसला, ग्राफ धक्के खात होता तो सरळ धावायला लागला.

सिग्नलबद्दल मी अगदी खूश आहे. पहिल्यांदा डोक्याच्या मागच्या बाजूला, ओ-१ आणि ओ-२ ला इलेक्ट्रोड लावून त्या ज्युनिअर पोरीला डोळे मिटायला सांगितलं आणि स्पेक्ट्रममध्ये १० हर्ट्झपाशी टेकाड वर आलं, डोळे उघडले की बसलं. अख्खी लॅब गोळा झाली होती. पण नॉच फिल्टर, म्हणजे विजेची एकच फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर, ५० हर्ट्झवर आहे ना ते तपासा, ६० वर राहिला तर आपल्या विजेचा गुणगुणाट तसाच राहतो, आणि लॅपटॉपचा चार्जर काढून बसा. केसांना तेल लावून आलेल्यांना आधी डोकं धुऊन यायला सांगा, तेलावर पेस्ट नीट धरत नाही आणि इम्पीडन्स, म्हणजे इलेक्ट्रोड आणि त्वचेमधला विद्युत अडथळा, खाली येतच नाही.

किंमत जड आहे, एकट्याने घ्यायची वस्तू नाही, कॉलेजने किंवा चार जणांनी मिळून घ्यावी. हे वैद्यकीय उपकरण नाही, निदानासाठी वापरायचं नाही, आणि बोर्ड फक्त सेलवरच चालवायचा, अडॅप्टर लावायचा नाही. घेताना सोबत एक यूएसबी एक्स्टेन्शन केबल नक्की घ्या, डोंगल सीपीयूच्या मागे खोचला की डेटाची पॅकेट गळतात, केबलने टेबलावर बोर्डाजवळ आणून ठेवला तेव्हापासून आमची गळती थांबली.