जीमॅटचे फुकट ऑफिशियल मॉक : साताऱ्यात घरी बसून तयारी करणाऱ्यांनी आधी हे वाचा

मी साताऱ्याची, इथल्याच एमआयडीसीत क्वालिटीला आहे, नोकरीचं पाचवं वर्ष. एक वर्षाचं एमबीए करायचंय म्हणून कॅट, सीईटी सोडून जीमॅट ही एमबीएची प्रवेश परीक्षा दिली, आयएसबी या बिझनेस स्कूलला हा स्कोअर चालतो, आयआयएमच्या एक वर्षाच्या कोर्सलाही चालतो, आणि एकदा मिळाला की पाच वर्षं टिकतो.

सुरुवातीला एका ऑनलाइन क्लासला पैसे भरले, नाव घेत नाही. तीन आठवडे मी सेंटेन्स करेक्शन आणि जॉमेट्री केली, सर्कल-ट्रँगलच्या आकृत्या वहीत पट्टीने काढून. मग कळलं की नोव्हेंबर २०२३ मध्ये नवीन पॅटर्न आला त्यात हे दोन्ही उरलंच नाहीये, निबंधपण गेला. फोन केला तर म्हणे मॅडम बेसिक पक्कं होतं ना. शिफ्ट करून, जेवण उरकून रात्री साडेनऊला जो माणूस पुस्तक उघडतो त्याचे तीन आठवडे असे जातात तेव्हा फार लागतं हो मनाला.

हे सगळं टळलं असतं जर मी पहिल्याच दिवशी ऑफिशियल मॉक, म्हणजे जीमॅटवाल्यांचीच सराव परीक्षा, दिली असती. त्यांच्याच एमबीए डॉट कॉम साइटवर अकाउंट काढलं की दोन पूर्ण मॉक फुकट मिळतात, एक रुपया नाही. क्वांट (गणित) २१ प्रश्न, व्हर्बल (इंग्रजी) २३, डेटा इनसाइट्स (टेबल-ग्राफ वाचून उत्तर काढणं) २०, प्रत्येकाला ४५ मिनिटं, कुठला सेक्शन आधी घ्यायचा ते आपण ठरवायचं. आणि खरी गोष्ट म्हणजे आपण जसं सोडवतो तसा पुढचा प्रश्न अवघड किंवा सोपा येतो, पुस्तकातून कितीही सोडवा हे कळत नाही.

पहिली मॉक रविवारी दिली. आईला सांगून ठेवलं होतं सव्वादोन तास दार वाजवायचं नाही, मधल्या दहा मिनिटांच्या ब्रेकमध्ये तिने चहा दिला तेवढाच. क्वांट ठीक गेलं. डेटा इनसाइट्समध्ये तीन टॅब उघडून वाचायचा एक सेट आला, एकात ईमेल, एकात टेबल, एकात नियम, मी त्या तीन प्रश्नांवर नऊ मिनिटं घालवली आणि शेवटचे पाच प्रश्न न वाचता क्लिक केले. एका प्रश्नाचे दोन-तीन भाग असतील तर सगळे बरोबर आले तरच मार्क. सेक्शनला ७२, टोटल ५४५. रडू आलं, पण कुठे काम करायचंय ते त्या एका दुपारीच समजलं, पुढचे दोन महिने रोज फक्त टेबल, ग्राफ आणि घड्याळ.

अजून एक सांगते. सेंटरवर कागद-पेन देत नाहीत, पुसता येणारा बोर्ड आणि मार्कर मिळतो. मी पोवई नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्या काकांकडून पाच आलेख कागद लॅमिनेट करून घेतले, कोऱ्याचं लॅमिनेशन कशाला गं पोरी म्हणाले काका. पहिल्यांदा मार्करने लिहिलं तर अक्षर एवढं मोठं आलं की दोन गणितांत पान संपलं. शंभरेक प्रश्न त्यावरच केले तेव्हा हात बसला. क्वांटला कॅल्क्युलेटर नसतो, तो फक्त डेटा इनसाइट्सला, त्यामुळे आकडेमोड बोर्डावरच करायची आहे.

कमी काय, तर फुकट दोनच. पुढच्या मॉक विकतच्या आहेत, मी घेतल्या नाहीत. म्हणून दुसरी हात न लावता ठेवा, मी परीक्षेच्या दहा दिवस आधी दिली, ६३५ आले.

खरी परीक्षा पुण्याला, पहाटेची एसटी, खंबाटकीपर्यंत पोटात गोळा. पण स्क्रीन उघडली आणि सगळं ओळखीचं, तीच बटणं, तोच टायमर. सेक्शन संपल्यावर वेळ उरला असेल तर तीन उत्तरं बदलता येतात, शंका असलेले प्रश्न बुकमार्क करायची सवय मॉकमध्येच लागली होती, त्यातलं एक बदललं. ६४५ आले, डेटा इनसाइट्स ८०.

ते पाच लॅमिनेटेड कागद आणि दोन मार्कर अजून चांगले आहेत. साताऱ्यात कोणी तयारी करत असेल तर सांगा, राजवाड्यापाशी आणून देईन.