मानवी धडाची प्रतिकृती: पचनसंस्था चोख, स्त्री-प्रजननसंस्था सदोष

आमच्या माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेसाठी गेल्या जूनमध्ये साडेनऊ हजार रुपयांना मानवी धडाची 85 सेंटिमीटर उंचीची प्लॅस्टिकची प्रतिकृती मागवली. तिचे अवयव सुटे होतात आणि स्त्री व पुरुष प्रजननसंस्थेचे दोन भाग आलटून पालटून बसवता येतात. वर्षभर वर्गात वापरल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे.

पचनसंस्थेच्या दृष्टीने पैसे वसूल झाले. यकृत उचलले की त्याच्या खालच्या अंगाला चिकटलेले हिरवे पित्ताशय दिसते, जठर काढले की त्यामागे आडवे पडलेले स्वादुपिंड उघडे होते, आणि दोहोंकडून येणाऱ्या नलिका लहान आतड्याच्या पहिल्याच वळणात कुठे उघडतात, ते मुले स्वतः बोट ठेवून दाखवतात. भिंतीवरच्या तक्त्यात सगळे अवयव एकाच पातळीवर असल्यामुळे ‘अन्न जठरातून यकृतात जाते’ असे उत्तर दरवर्षी दोन-चार वह्यांत हमखास सापडत असे. यंदा ते सापडले नाही.

लहान आतडे मात्र एकसंध गोळा म्हणून ओतलेले आहे. त्याची लांबी कळावी म्हणून मी सहा मीटर सुतळी मोजून तिची वेटोळी त्याच पोकळीत बसवून दाखवतो.

पुरुष प्रजननसंस्थेचा भाग समाधानकारक आहे. उदरपोकळीबाहेरचे वृषण, तिथून वर चढून मूत्राशयामागे वळणारी शुक्रवाहिनी आणि मूत्रमार्गाला वेढणारी पुरस्थ ग्रंथी स्पष्ट दिसते.

खरी तक्रार स्त्री-प्रजननसंस्थेविषयी आहे. उभ्या छेदात मूत्रमार्ग आणि योनिमार्ग एकाच गुलाबी रंगात रंगवून खाली एकाच छिद्रात मिळवले आहेत. प्रत्यक्षात ही दोन स्वतंत्र द्वारे आहेत, गुदद्वार तिसरे. दहावीच्या एका मुलीने प्रतिकृती पाहून ‘सर, मग पाळीच्या वेळी लघवी कशी होते?’ असे विचारले, तेव्हा चुकीचे गांभीर्य लक्षात आले. जो प्रश्न विचारायला मुलींना आधीच संकोच वाटतो, त्याचे चुकीचे उत्तर शाळेनेच विकत आणून टेबलावर ठेवावे, हे मला अक्षम्य वाटते. शिवाय अंडाशय आणि अंडनलिका सलग ओतलेल्या आहेत. अंडाशयातून सुटलेले अंडे नलिकेची झालरीसारखी टोके टिपून घेतात आणि फलन त्या नलिकेतच होते, हे शिकवताना मधली फट दिसणे आवश्यक असते.

विक्रेत्याला छायाचित्रांसह कळवले असता ‘सगळ्या शाळांना हेच मॉडेल जाते’ एवढेच उत्तर मिळाले. अखेर चित्रकला शिक्षकांकडून दोन्ही मार्ग वेगळ्या रंगांत रंगवून घेतले आणि दुसरे छिद्र बारीक ड्रिलने पाडले.

पचनसंस्था शिकवण्यासाठी ही प्रतिकृती जरूर घ्यावी. मात्र मागणी नोंदवण्यापूर्वी स्त्री-प्रजननसंस्थेच्या भागाचे छेदाच्या बाजूने आणि खालून काढलेले छायाचित्र मागवावे, आणि तिन्ही द्वारे वेगळी दिसली तरच पैसे भरावेत.