ओ-टू भरती टर्बाइन : देखभालीला सोपं, केबलला जड

ऑर्बिटल मरीन पॉवर या कंपनीचं 'ओ-टू' हे भरती-ओहोटीच्या प्रवाहावर वीज बनवणारं टर्बाइन २०२१च्या जुलैपासून स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत, ईडे बेटाजवळच्या फॉल ऑफ वॉर्नेस या सामुद्रधुनीत ग्रिडला जोडलेलं आहे. ७४ मीटर लांबीचा तरंगता सांगाडा, त्याच्या दोन बाजूंना पाण्यात उतरणारे दोन हात आणि प्रत्येक हाताच्या टोकाला २० मीटर व्यासाचं पात्यांचं चक्र. क्षमता २ मेगावॉट, तीही सेकंदाला २.५ मीटर प्रवाहात.

हा आकडा पटतो का? चक्रांचं मिळून क्षेत्रफळ साधारण ६२८ चौरस मीटर. २.५ मीटर वेगाच्या समुद्राच्या पाण्यात दर चौरस मीटरला ८ किलोवॉट ऊर्जा वाहते, म्हणजे एकूण ५ मेगावॉट. त्यातले २ हाती लागतात, सुमारे ४० टक्के. दावा रास्त आहे. एवढ्याच क्षमतेच्या पवनचक्कीला ८०-९० मीटर व्यासाची पाती लागतात. पाणी हवेपेक्षा आठशेपटींहून जड असल्याचा हा फायदा.

या यंत्राची खरी कमाई देखभालीत आहे. समुद्रतळावर बसवलेलं टर्बाइन बिघडलं की मोठी क्रेन असलेलं जहाज आणि शांत हवामान, दोन्ही जुळून येईपर्यंत ते बंद. ओ-टूचे हात वर उचलले की जनित्राचे डबे पृष्ठभागाशी येतात आणि छोट्या बोटीतून काम होतं. सील, बेअरिंग, पात्यांवरचं शेवाळ आणि शिंपले हे नेहमीचे त्रास इथे निदान डोळ्यांसमोर तरी येतात. पाती स्वतःच्या अक्षाभोवती ३६० अंशांत वळवता येतात, त्यामुळे भरती सरून ओहोटी लागली की सांगाडा न वळवता उलट्या प्रवाहातही वीज मिळते.

तरंगण्याची किंमत मात्र मोजावी लागते. पृष्ठभागाजवळ प्रवाह जोरदार, तशाच लाटाही. प्रत्येक लाटेसरशी पात्यांच्या बुडख्यावरचा ताण कमी-जास्त होतो आणि हळूहळू धातू थकतो. सांगाडा चार साखळ्यांनी नांगरलेला असला तरी थोडा हलतोच. म्हणून तळाकडे जाणारी वीजवाहक केबल सतत वाकते. पाहणीच्या यादीत ही केबल आणि साखळ्यांचे झिजणारे दुवे सर्वांत वर हवेत.

वीज अखंड मिळत नाही. प्रवाह उलटताना, दिवसातून साधारण चार वेळा, पाणी थांबतं. भांगाच्या, म्हणजे सौम्य भरती-ओहोटीच्या, दिवसांत वेग अर्ध्यावर आला तर पाण्यातली ऊर्जा एक अष्टमांश उरते. तरीही या खाचखळग्यांचं वेळापत्रक वर्षानुवर्षं आधी मांडता येतं. वाऱ्याचं तसं नाही. म्हणून पवनचक्क्या, बॅटरी आणि ओ-टू यांची जोडणी आम्हाला सर्वांत शहाणपणाची वाटते.

घेणाऱ्याने आधी जागा मोजावी. चक्राच्या खोलीवर ध्वनिलहरींनी वेग मोजणारं डॉप्लर यंत्र किमान महिनाभर ठेवा, म्हणजे उधाण आणि भांग दोन्ही दोनदा नोंदले जातील. लाटांची नोंद वेगळी, हिवाळ्यात. नकाशातल्या वेगावर विसंबू नका: तो दहा टक्क्यांनी जास्त धरला गेला असेल, तर हिशेबातली ऊर्जा तेहतीस टक्क्यांनी फुगलेली असते.