पट्टीवर इंग्रजी नाव, नळीखाली लिएजचा शिक्का: जुनी दुनळी घेताना झालेली फसवणूक

सिंधुदुर्गातील आमच्या काजू-भाताच्या शेतीसाठी वडिलांच्या काळापासून बंदुकीचा परवाना आहे. त्यांची बंदूक निकामी झाल्यावर मी शहरातील एका परवानाधारक विक्रेत्याकडून बारा बोअरची जुनी दुनळी ८५,००० रुपयांना घेतली. त्या व्यवहारात मी कसा फसलो ते तपशिलाने लिहीत आहे, कारण आमच्या भागात अशा बंदुका अजूनही नुसत्या नावावर घेतल्या जातात आणि इथली चूक पैशांपुरती राहत नाही, ती हातावर बेतू शकते.

दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर लंडनच्या एका नामांकित कारागिराचे वाटावे असे नाव कोरलेले होते. नळ्या बाहेरून काळ्याभोर, आतून लख्ख. त्या सोडवून पाहू का, असे विचारताच विक्रेता म्हणाला, "अहो, शंभर वर्षांची वस्तू आहे, उगाच खोलाखोल केलीत तर सैल होईल." वस्तुतः पुढचा लाकडी भाग काढून नळ्या वेगळ्या करायला ना हत्यार लागते, ना मिनिटभर वेळ. त्याच क्षणी मी उठायला हवे होते. मी मात्र पैसे मोजले.

रानडुकरे हुसकावण्यासाठी बार काढण्यापूर्वी बंदूक एका वयस्कर कारागिराला दाखवली, म्हणून मी आज धड आहे. त्यांनी नळ्या सोडवल्या आणि बुडाशी, खालच्या सपाट बाजूवर बोट ठेवले. तिथे लंबगोलात 'ईएलजी' ही रोमन अक्षरे आणि वर मुकुट होता, म्हणजे बेल्जियममधील लिएजच्या चाचणीगृहाचा (जिथे जादा दाबाचे बार काढून नळ्या पारखतात) शिक्का. इंग्लंडमध्ये ही चाचणी लंडन आणि बर्मिंगहॅम येथे होते, बर्मिंगहॅमचे चाचणीगृह तर १८१३ च्या कायद्याने उभे राहिले, आणि त्यांचे शिक्के अगदी वेगळे असतात. लिएजमध्ये चांगल्या बंदुकाही पुष्कळ झाल्या. पण इंग्रजी वळणाची नावे कोरलेला स्वस्त मालही तिथूनच जगभर गेला.

मग त्यांनी लाकडाखाली झाकला जाणारा नळीचा बोटभर भाग बारीक पॉलिश-कागदाने घासला आणि त्यावर सौम्य आम्लाचा बोळा फिरवला. काळा रंग गेला आणि करड्या धातूवर शेवयांसारखी वळणे उमटली. नळ्या दमास्कस होत्या, म्हणजे लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून सांधलेल्या. हे काम काळ्या दारूच्या जमान्यातले. आजच्या धूररहित दारूचा दाब वेगळ्या तऱ्हेने चढतो आणि जुन्या सांध्यांत आतल्या आत गंज शिरलेला असतो, जो वरून दिसत नाही. शिवाय काडतुसाचे घर ६५ मिलीमीटरचे निघाले आणि मी आणलेली काडतुसे ७० मिलीमीटरची होती. लांब काडतूस तिथे सहज बसते, पण उडताना त्याचे तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब आणखी वाढतो. अशी नळी फुटते ती बहुधा काडतुसाच्या घराच्या पुढ्यात, जिथे आपण डाव्या हाताने बंदूक पेललेली असते.

आतली चकाकीही घासून आणलेली होती. उजेडाकडे धरल्यावर उजव्या नळीतील प्रकाशाचे एक वलय चेपलेले दिसले, म्हणजे तिथे पोचा होता. नळ्या बोटावर टांगून नखाने टिचकी मारली की घंटेसारखा नाद यायला हवा; माझ्या नळ्या भद्द वाजल्या, कारण मधल्या पट्टीचा डाक, म्हणजे झाळ, सुटला होता. पुढचा लाकडी भाग काढून बंदूक मिटून हलवली, तर बिजागरीत स्पष्ट खुळखुळ जाणवली. यातले काहीही दुकानात पाच मिनिटांत कळले असते.

मी परत गेलो तेव्हा विक्रेत्याने पावती पुढे केली. तिच्यावर क्रमांक आणि 'जुनी १२ बोअर दुनळी, पाहून घेतली' एवढाच मजकूर होता. ज्या नावाचे मी पैसे मोजले ते नाव कुठेच नव्हते, आणि ते लिहून घेण्याचा आग्रह मी धरला नव्हता. बंदूक आता माझ्या परवान्यावर चढलेली असल्याने ती भंगारातही टाकता येत नाही. परवा निवडणुकीसाठी नेहमीप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा करून, पोच घेऊन आलो.